नववीची मुलं जपानला न्यायची तर आखणी परतीच्या दिवसापासून करा

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कराडजवळच्या तुमच्या शाळेतले नववीचे २६ विद्यार्थी आणि चार शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवस जपानला जाणार आहेत. टोकियो, क्योतो, नारा, हिरोशिमा असा कार्यक्रम एजन्सीने आखून दिलाय. शेवटच्या दिवशी सकाळी हिरोशिमाचं संग्रहालय, दुपारी शिन्कान्सेनने, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनने, टोकियो, रात्री विमान, दिल्लीला उतरून दुसऱ्या विमानाने मुंबई आणि तिथून रातोरात बसने कराड. पालक विचारतात, "मुलं सुखरूप परत येतील ना?" आणि तुम्ही विचारता की या कार्यक्रमात नेमकं काय तपासायचं.

मी पुण्यात जपानी शिकवतो आणि बरीच वर्षं शाळांचे गट घेऊन जपानला जातो. कार्यक्रम वाचून पहिलं सांगणं हेच, की तो शेवटचा दिवस बदलून घ्या, तोही पैसे भरायच्या आधी. बाकीचे आठ दिवस ठीक आहेत, थोडीफार डागडुजी लागेल इतकंच. सगळा धोका परतीत साठलाय.

जाताना मुलं ताजी असतात, शिक्षक सावध असतात, बॅगा हलक्या असतात आणि पासपोर्ट दर दहा मिनिटांनी चाचपले जातात. शेवटच्या दिवशी यातलं काहीच उरत नाही. झोप अपुरी, पाय दुखतात, बॅगेची चेन लागत नाही, दोन-तीन जणांना सर्दी-ताप आलेला असतो आणि "आता काय, घरीच तर जायचंय" अशी ढिलाई अंगात भिनलेली असते. अशा दिवशी हिरोशिमा ते टोकियो आठशेहून जास्त किलोमीटर, म्हणजे जलद गाडीने चार तास, मग टोकियो स्टेशनवरून विमानतळ, मग दोन विमानं, मग घाटातून बस. एक दुवा निसटला की पुढची सगळी साखळी सुटते.

म्हणून टोकियोला उतरा आणि ओसाकाहून निघा. टोकियो, क्योतो आणि नारा, हिरोशिमा, शेवटी ओसाका. प्रवास एकाच दिशेने होतो, मागे फिरावं लागत नाही. हिरोशिमाहून शिन-ओसाका, म्हणजे ओसाकाचं शिन्कान्सेनचं स्टेशन, जलद गाडीने दीड तासाच्या आत येतं. शेवटची रात्र ओसाकात काढा आणि दुसऱ्या दिवशी थेट कान्साई विमानतळ. असा मार्ग असेल तर जपान रेल पासही घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासचा दर २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. एकेरी मार्गाला सुटी तिकिटं स्वस्त पडतात, शिवाय सगळ्यात जलद 'नोझोमी' गाडीत बसता येतं, ज्यासाठी पासवर वेगळे पैसे भरावे लागतात. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना पूर्ण भाडं लागतं, तेव्हा एजन्सीने कुठे अर्ध्या तिकिटाचा हिशोब धरला असेल तर तो तपासा.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर वादळांचा मोसम संपलेला नसतो. १२ ऑक्टोबर २०१९ ला हागिबीस वादळ आलं तेव्हा टोकियो परिसरातल्या गाड्या ठरवून बंद ठेवल्या होत्या आणि ते आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये जेबी वादळात कान्साई विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली. विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे, आणि त्याला जोडणाऱ्या पुलावर एक टँकर आदळला. हजारो प्रवासी रात्रभर तिथेच अडकले. यातून घ्यायचं ते असं: वादळाची सूचना आली की विमानतळावर जाऊन बसू नका. हॉटेलची खोली एक दिवस वाढवा आणि विमान कंपनीशी आदल्या दिवशीच बोला. ३० जणांना हॉटेलात एक रात्र जास्त काढता येईल एवढी रक्कम एखाद्या शिक्षकाच्या कार्डावर मोकळी असलीच पाहिजे.

आता तिकिटं. ओसाकाहून बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे थेट मुंबईला उतरणारं तिकीट बघा, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. वेगवेगळी तिकिटं असली तर ३० जागा नव्याने विकत घ्यायची वेळ येते. दिल्लीमार्गेच यावं लागलं तर एक गोष्ट मुलांना आधीच सांगा: परदेशातून आल्यावर भारतातल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, बेल्टवरून बॅग उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि मग ती पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. बॅग मुंबईला आपोआप येईल या समजुतीने मुलं सरळ चालू लागतात. त्यामुळे दिल्लीत किमान चार तासांचं अंतर ठेवा.

चार शिक्षक पुरत नाहीत. पाच मोठी माणसं हवीत, त्यात निदान दोन बाई आणि जमलं तर एक जपानी बोलणारं माणूस. यामागे परतीचाच हिशोब आहे. निघायच्या दिवशी एखाद्या मुलाला ताप असेल किंवा अंगावर कांजिण्यांसारखे फोड दिसत असतील, तर डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय विमान कंपनी त्याला चढू द्यायला नकार देऊ शकते. मग एका शिक्षकाला त्याच्याबरोबर मागे थांबावं लागतं. चारांतला एक गेला की उरलेल्या तिघांवर २५ मुलं आणि परतीचा सगळा प्रवास. मागे कोण थांबणार हे नाव घेऊन इथेच ठरवा. त्या शिक्षकाच्या व्हिसात आणि विम्यात परतीच्या तारखेपुढे काही दिवस शिल्लक हवेत. विम्याची मुदत सगळ्यांचीच चार-पाच दिवस पुढे ठेवा, फरक फार थोड्या रुपयांचा असतो. जपानी दवाखान्यात परदेशी माणसाला पूर्ण बिल बहुतेक तिथल्या तिथे भरावं लागतं, म्हणून कॅशलेस सोय आहे का, हे पॉलिसीत शोधा.

यापुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: मुलांचे गट. जपानी शाळांकडून हे उचलावं असं मला मनापासून वाटतं. तिथे शाळेची मुक्कामी सहल ही जुनी परंपरा आहे. तिची सुरुवात १८८६ मध्ये टोकियोच्या शिक्षक प्रशिक्षण शाळेने चिबाकडे काढलेल्या लांबच्या पायी मोहिमेपासून मानतात. १९५९ मध्ये तर सहलीच्या विद्यार्थ्यांसाठी 'हिनोदे' आणि 'किबो' नावाच्या खास गाड्या सुरू झाल्या. आजही क्योतोत फिरताना गणवेशातली चार-पाच मुलं हातात एक छोटी पुस्तिका घेऊन स्वतःची वाट शोधताना दिसतील. शिक्षक बरोबर नसतात, ते ठरलेल्या ठिकाणी थांबलेले असतात. ती पुस्तिका मुलांनी महिनाभर आधी स्वतः तयार केलेली असते: कुठली बस, किती वाजता, किती पैसे, चुकलो तर काय.

तुम्हीही २६ मुलांचे पाच गट करा, चार गट पाचांचे आणि एक सहाचा. प्रत्येक गटाला एक मोठं माणूस, एक गटप्रमुख, एक घड्याळ सांभाळणारा, एक पैशांचा हिशोब ठेवणारा. पुस्तिका मुलांना मराठीतच करू दे, पण हॉटेलचं नाव-पत्ता जपानी लिपीत छापून चिकटवा, कारण टॅक्सीवाल्याला आणि पोलीस चौकीतल्या शिपायाला तेच वाचता येतं. हजेरी नावाने घेऊ नका. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि एक ते सव्वीस मुलांनीच मोजू दे. गर्दीत शिक्षकाने डोकी मोजली की हमखास चुकतात. क्रमांक अडला की कोण नाही ते तिथल्या तिथे कळतं.

मग शाळेच्या मैदानावर शिन्कान्सेनचा सराव करा. क्योतोसारख्या मधल्या स्टेशनवर गाडी एक-दोन मिनिटंच थांबते, आणि कुणासाठीही थांबून राहत नाही. फळ्यावर समजावून हे अंगात येत नाही. फक्कीने दोन दरवाजे आखा, प्रत्येकाच्या हातात वजन भरलेली बॅग द्या आणि शिट्टी वाजवा. एक दरवाजा मुलींचा, एक मुलांचा, प्रत्येक दरवाज्याशी आधी एक शिक्षक चढणार आणि शेवटी एक शिक्षक चढणार. पहिल्या खेपेला तीन मिनिटं लागतात. बॅग आडवी धरली की दार अडतं, उभी धरून ढकलली की मोकळं राहतं, हे मुलांना स्वतःलाच उमगतं. चौथ्या-पाचव्या खेपेला मिनिटाच्या आत होतं. फलाटावर डब्याचे क्रमांक आणि दरवाज्याच्या जागा रंगवलेल्या असतात, गाडी नेमकी तिथेच येऊन उभी राहते, त्यामुळे हा सराव वाया जात नाही.

त्याच सरावात एक नियम पाठ करून घ्या. फलाटावर जो राहिला त्याने जागा सोडायची नाही. गाडीत जे चढले त्यांच्यातल्या शेवटच्या शिक्षकाने पुढच्या स्टेशनला उतरून मागे यायचं. एकदा माझ्या गटातल्या दोन मुली क्योतोला फलाटावर राहिल्या. पुढचं स्टेशन शिन-ओसाका, जेमतेम पंधरा मिनिटांवर. शिक्षक उतरले, पुढच्या गाडीने उलटे आले, तर दोघी त्याच डब्याच्या खुणेवर, बॅगांवर बसून पुस्तिकेतला स्टेशनचा नकाशा बघत होत्या. रडारड नाही, शोधाशोध नाही. जाग्यावरून हलल्या असत्या तर त्या स्टेशनात त्यांना शोधायला दुपार गेली असती.

मोठ्या बॅगांचं तर ओझंच नको. टोकियोच्या हॉटेलातून क्योतोच्या हॉटेलात बॅगा कुरिअरने पाठवता येतात. 'ताक्क्युबिन' म्हणून ही सेवा ओळखली जाते आणि हॉटेलच्या काउंटरवरच बॅग देता येते. बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायचे. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंमीच्या पुढची बॅग या मार्गावरच्या शिन्कान्सेनमध्ये न्यायची तर मे २०२० पासून तिच्यासाठी खास जागा आरक्षित करावी लागते. पालकांना सांगा, मधल्या आकाराचीच बॅग घ्या.

औषधांबाबत मी फार आग्रही आहे. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानमध्ये नेता येत नाहीत. कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. ॲम्फेटामाइन वर्गातली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. कुणाचं रोजचं औषध चालू असेल तर महिनाभरापुरतंच न्या, मूळ वेष्टनात आणि इंग्रजी चिठ्ठीसह. प्रत्येक पालकाकडून औषधांची यादी घ्या आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या. आईने प्रेमाने पुरचुंडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या कस्टम्सवर त्रासदायक ठरतात. मांस असलेला कुठलाही पदार्थ आणि ताजी फळं-भाज्याही नकोत. चकली, भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, खाकरे खुशाल न्या.

खाण्याची काळजी पालकांना वाटते ती रास्त आहे. जपानी जेवणात मासा दिसत नसला तरी असतो. मिसो सूप, उदोनचा रस्सा, भाजीवर ओतलेला सॉस, या सगळ्यांच्या मुळाशी बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. "शाकाहारी आहे का?" एवढं विचारून उपयोग नाही, कारण समोरचा प्रामाणिकपणे हो म्हणतो, मांस नसतंच त्यात. "माशाचा अर्क आहे का?" असं विचारायचं, आणि हे वाक्य पुस्तिकेत जपानीतून लिहून ठेवायचं. काटेकोर शाकाहारी मुलांसाठी रात्रीचं जेवण भारतीय हॉटेलात आधीच ठरवा. टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा, सगळीकडे ती आहेत. दुपारसाठी कोरडा डबा. विमानातलं जैन किंवा शाकाहारी जेवण दोन्ही बाजूंना नोंदवलंय का, हे तिकिटावर बघा. जातानाचं नोंदवतात आणि येतानाचं राहून जातं.

एखादं ठिकाण कमी करायची तयारी असेल तर ओसाकाहून कोयासान डोंगरावर एक रात्र काढा, असं मी सुचवेन. तिथे बौद्ध मठांत राहता येतं आणि भिक्षूंचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्याचं अनावरण सप्टेंबर २०१५ मध्ये झालं. आपल्या मुलांना तो इतक्या लांब, देवदारांच्या डोंगरावर बघताना काय वाटतं ते मी पाहिलंय. एरवी भरभरून बोलणारी मुलं तिथे आपणहून रांगेत उभी राहतात.

नारात तोदाइजी मंदिरातली महाबुद्धाची मूर्ती बघताना मुलांना आवर्जून सांगा की ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता. हरणांना खायला द्यायला खास बिस्किटं मिळतात, पण नकाशे आणि पुस्तिका सॅकमध्ये ठेवायला लावा, हरणं कागदही खातात. निघायच्या आधी सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान सगळ्यांना दाखवून आणा. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. हिरोशिमाला जाताना ओकायामा वाटेतच लागतं, तीन तास काढता आले तर मूळ बाग बघून होते.

हिरोशिमाला मात्र घाई करू नका. तुमच्या कार्यक्रमात संग्रहालयाला सव्वा तास दिलाय. निदान अडीच तास द्या आणि त्या दिवशी त्यानंतर करमणुकीचं काही ठेवू नका. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता जे झालं त्याचे अवशेष तिथे मुलांच्याच वस्तूंच्या रूपात समोर येतात: जळका डबा, फाटका गणवेश. काही मुलं मध्येच बाहेर पडतात, त्यांच्यासाठी एक शिक्षक बाहेर बाकावर हवा. सादाको सासाकी दोन वर्षांची असताना बॉम्ब पडला आणि बाराव्या वर्षी, १९५५ मध्ये, ती ल्युकेमियाने गेली. तिच्या वर्गमित्रांनी सुरू केलेल्या मोहिमेतून १९५८ मध्ये तिथल्या उद्यानात मुलांचं स्मारक उभं राहिलं. आजारपणात सादाको करायची तसे कागदी क्रौंच पक्षी शाळेतच करून न्या, दोऱ्यात ओवून. ते स्मारकाजवळ ठेवता येतात. जवळच मोतोयासु नदीकाठी गांधीजींचा अर्धपुतळाही आहे, २०२३ मध्ये बसवलेला.

भूकंपाचं पालक विचारणारच. फोनवर कर्कश सूचना वाजते. खोलीत असाल तर टेबलाखाली, रस्त्यावर असाल तर काचांपासून दूर, आणि लिफ्ट नाही. जपानी सरकारी पर्यटन संस्थेने पुढे आणलेलं 'सेफ्टी टिप्स' ॲप शिक्षकांच्या फोनवर टाका. ११९ ला फोन केला की रुग्णवाहिका, ११० ला पोलीस. एवढं पाठ असलं तरी पुरे.

पासपोर्टचा नियम नीट समजून घ्या. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी माणसाने पासपोर्ट कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे, आणि बोटांचे ठसेही सोळाच्या पुढेच घेतात. तुमची बहुतेक मुलं चौदा-पंधराची असतील. तेव्हा पासपोर्ट गटाच्या शिक्षकाकडे, मुलांच्या गळ्यात रंगीत प्रत. कुणाचा हरवलाच तर आधी पोलीस चौकीत नोंद, मग टोकियोतला आपला दूतावास किंवा ओसाकातला वाणिज्य दूतावास. ओसाकाहून निघायचं म्हटल्यावर तोही शेवटच्या मुक्कामी हाताशी असतो.

आता शेवटची संध्याकाळ. ती पूर्ण मोकळी ठेवा, खरेदीलाही देऊ नका. जेवणाआधी सगळ्यांनी बॅगा एका खोलीत उघडायच्या, गटप्रमुखाने यादी वाचायची. पॉवर बँक मोठ्या बॅगेत गेली असेल तर बाहेर काढायची, ती केबिनमध्येच लागते आणि जुलै २०२५ पासून जपानी विमान कंपन्या ती डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता नजरेसमोर ठेवायला सांगतात. भेट म्हणून घेतलेल्या कात्र्या, सुऱ्या, खेळण्यातल्या तलवारी मोठ्या बॅगेत. मिसो, पुडिंग, सॉसच्या बाटल्या यांना सुरक्षा तपासणीत द्रव धरतात, १०० मिलीच्या वरचं केबिनमध्ये जात नाही. सुटी नाणी त्याच रात्री संपवायची, भारतात ती कुणी बदलून घेत नाही. उरलेली नाणी गोळा करून दुसऱ्या दिवशी पाणी घ्या, ते विमानतळावर तपासणीच्या पलीकडे मशीनमध्ये मिळतं. करमुक्त खरेदी केली असेल तर दुकानाने दिलेले कागद वरच ठेवा. १ नोव्हेंबर २०२६ पासून तिथे कर आधी भरून विमानतळावर परत घ्यायची पद्धत येते आहे, तेव्हा त्यानंतर जाणार असाल तर विमानतळावर आणखी तासभर धरा.

विमानतळावर तीन तास आधी नाही, चार तास आधी. ३१ जणांचं चेक-इन वेळ खातं. विमानात शिक्षकांनी एकत्र बसू नये, गटाबरोबर विखरून बसावं. मधल्या विमानतळावर गट फुटतो तो स्वच्छतागृह आणि दुकानांमुळे, म्हणून आधी सगळ्यांनी पुढच्या गेटपर्यंत जायचं, तिथे एक ते सव्वीस मोजायचं, मग जोडीनेच कुठे जायचं.

मुंबईला उतरल्यावर सहल संपली असं सगळ्यांना वाटतं, पालकांना तर नक्कीच. कराड अजून सहा-सात तासांवर असतं. विमान रात्री उतरलं तर त्या रात्री बस काढू नका. चालकाने दिवसभर दुसरी फेरी मारलेली असते, तुम्ही सगळे झोपलेले असता आणि खंबाटकी घाट पहाटेच्या पेंगेत येतो. पनवेलला साध्या हॉटेलात मुलांना पाच तास झोपवा, सकाळी नाश्ता करून निघा. खर्च माणशी थोडासाच वाढतो, तो सुरुवातीच्याच वर्गणीत घ्या. काही पालक परस्पर विमानतळावर येऊन मूल घेऊन जाऊ म्हणतील. चालेल, पण ते निघण्यापूर्वीच लेखी कळवलेलं हवं, नाव संमतिपत्रात हवं आणि तिथे सही घेऊनच मूल सोडायचं. काका आलेत, मामा आलेत, असं ऐनवेळी नको.

शाळेच्या फाटकात शेवटची हजेरी घ्या. पासपोर्ट पालकांच्या हातात सही घेऊन द्या, मुलांच्या खिशात नको. आणि चिठ्ठीवर लिहून द्या की पुढच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना जपानहून आल्याचं सांगायचं. नवा कार्यक्रम एजन्सीने दिला की मला पाठवा, गाड्यांच्या वेळा मी जुळवून बघतो.